सहा सुती जोड

मंगळवारी सकाळी धाकट्यानं बॉनेट उघडलं ते नुसतं कूलंट बघायला. बाटलीत कूलंट काठोकाठ होतं. आता गप बॉनेट लावून चहाला आत जायचं की नाही? पण शनिवारपर्यंत म्हाताऱ्या बापाला, आबांना, घेऊन घाट उतरायचा होता, रस्ता सहा तासांचा, म्हणून त्यानं हीटरच्या नळ्याही चाचपल्या. वरची नळी जराशी हलवली. कट्‌ असा आवाज झाला आणि नळी सुटून हातात आली. तिच्या तोंडाशी जो काळा प्लास्टिकचा जोड होता, त्याचा भुगा होऊन इंजिनावर सांडला. घाबरून त्यानं दुसरी नळी सावरायला हात घातला, तर तिचाही जोड मधोमध तडकला. हिरवं कूलंट भळाभळा बर्फावर सांडलं.

"घ्या! हात दाखवून अवलक्षण!" तो एवढ्यानं ओरडला की गोठ्यातल्या शेळ्या गप्प झाल्या.

बायको चुलीपुढून उठून दारात आली. "काय मोडलंत?"

"मी मोडलं? मी नुसता हात लावला!"

"तुमचं हात लावणं मला माहीत आहे," ती म्हणाली आणि फडकं आणायला आत गेली.

गाडी वीस वर्षांची. उंच, चौकोनी, दारं लावायची तर आदळावी लागायची. गाव तिला धूड म्हणायचं, घरचेही तेच म्हणायचे. दरवाजा गंजला, आसनं फाटली, पण इंजिन खणखणीत आणि हीटर असा की बाहेर दगड फुटायची थंडी असली तरी आत माणूस कोट काढून बसावा. इंजिनातलं गरम पाणी एका नळीनं आत जायचं, दुसरीनं परत यायचं. इंजिनामागच्या पत्र्यातून दोन पाइप बाहेर आलेले, त्यांना या दोन नळ्या जोडायच्या, आणि जोडणारे ते दोन टीचभर तुकडे. एवढ्याशा प्लास्टिकवर सगळा डोलारा. ज्यानं कुणी ते बनवलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार धाकट्यानं उभ्या उभ्या केला.

कारण प्रश्न गाडीचा नव्हताच. नळ्या दुमडून तारेनं बांधल्या की गाडी चालते. प्रश्न आबांचा होता. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी आबांची छाती भरली तेव्हा घाट नुकताच उघडला होता आणि गाडी अजून खालीच होती, म्हणून शेजाऱ्याच्या ट्रकमधून त्यांना खाली नेलं होतं, चार गोधड्यांत गुंडाळून. अर्ध्या वाटेत ओठ निळे पडले. डॉक्टरनं मग धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, "गोधडीनं अंग गरम राहतं हो, छातीत जाणारी हवा नाही. पुढचा हिवाळा यांना वर ठेवू नका. आणणार असाल तर गरम गाडीतून आणा." खाली सपाटीवर ताईचं घर होतं, ऊन होतं, तिनं खोली झाडून ठेवली होती. शनिवारी चार वाजता घाटाचं फाटक बंद व्हायचं ते तीन महिन्यांनी उघडायचं. गाडी दरवर्षी हिवाळाभर ताईच्या दारात राहायची आणि धाकटा टपालवाल्याच्या सोबतीनं पायी वर यायचा. सगळं ठरलेलं. आता त्यात हा भुगा.

आबा उंबऱ्यापर्यंत आले. गळ्याला मफलर, अंगात गावच्या पाणीपुरवठ्याचा जुना खाकी कोट. चाळीस वर्षं गावचे नळ त्यांनी बसवले आणि दुरुस्त केले. खाली जायचं ठरल्यापासून त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं, आणि घरानं त्यालाच होकार धरलं होतं. ते खाली वाकले, पत्र्यातून आलेल्या दोन पाइपांकडे बघितलं आणि पुटपुटले, "एक पाच सुती आहे. एक सहा सुती."

"आबा, आत जा. गारठा आहे."

"बघून घे म्हणतो."

"बघतो. आत जा."

इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. आबांचं सगळं जग त्या सुतात मोजलेलं. धाकटा मिलिमीटरवाला. बापलेकाचं सूत कधी जमलं नाही ते इथूनच. बाप बोलायचा ते निम्मं मुलाच्या डोक्यावरून जायचं, आणि निम्मं तो जाऊ द्यायचा.

बुधवारी उजाडायच्या आत त्यानं नळ्या दुमडल्या, तारेनं आवळल्या आणि बाजारगावचा रस्ता धरला. जाताना तीन तास. हीटर नसल्यानं श्वासाची वाफ काचेवर जाऊन गोठायची. एका हातानं स्टीअरिंग, एका हातानं टोपी घेऊन काच पुसायची. घाटाच्या वळणावर टोपी ओली झाली तेव्हा त्यानं मोजे काढून काच पुसली. बाजारगावात उतरला तेव्हा पायाची बोटं आहेत की नाहीत हे त्याला वाकून बघावं लागलं.

पहिल्या दुकानात काउंटरवर त्यानं पुडी सोडली. भुगा आणि एक अर्धा तुकडा.

"हे काय?" दुकानदार म्हणाला.

"हीटरच्या नळीचा जोड."

"याचं दंतमंजन करू का मी?" बाकीची गिऱ्हाइकं हसली. दुकानदारानं बोटानं भुगा बाजूला सारला. "गाडी कुठल्या सालची?" धाकट्यानं साल सांगितलं. दुकानदारानं मागच्या माणसाला हाक मारली, "अरे, हे ऐक, अजून चालते म्हणतो!"

दुसरा म्हणाला, जोड सुटा येत नाही, अख्खा नळ्यांचा संच घ्यावा लागेल, सहा आठवडे. तिसरा म्हणाला, कंपनीनं बनवणंच बंद केलंय. चौथ्यानं फोनवर गाडीचा नंबर घालून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "नवी का घेत नाही?" धाकट्याच्या जिभेवर जे आलं ते त्यानं गिळलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि इथे तर गाढवांची रांगच लागली होती.

दुपारी ताईचा फोन आला. "अरे, नेटवर मागव ना. दोन दिवसांत घरी येतं."

"ताई, आमच्याकडे घरी वारा येतो आणि टपालवाला येतो. तिसरं कुणी येत नाही."

"मग नीट शोध. सगळीकडे मिळतं म्हणे."

"तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस," म्हणून त्यानं फोन ठेवला. मग वाईट वाटलं, पण परत केला नाही.

शेवटचं दुकान गल्लीच्या टोकाला, एका बाईचं. तिनं चष्मा लावला, अर्धा तुकडा मोजपट्टीला लावला, न बोलता शिडीवर चढली आणि धुळीनं माखलेला खोका काढला. आत अॅल्युमिनियमचे जोड. चकचकीत, प्लास्टिकपेक्षा दसपट मजबूत. धाकट्याला तिचे पाय धरावेसे वाटले.

"किती देऊ?"

"दोन द्या. दोन नळ्या आहेत."

"दोन्ही याच मापाच्या?"

आता इथं देवानं त्याला एक क्षण दिला होता. पण बाहेर दिवस कलत होता, पाय बधिर होते, आणि समोर चकचकीत जोड होते. "हो हो, एकसारख्याच," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी पहिला जोड खालच्या पाइपावर टक्‌ करून बसला. धाकट्यानं शीळ घातली. दुसरा वरच्या पाइपावर टेकवला. जाईना. साबण लावला, जाईना. लाकडाची ठोकळी ठेवून हलक्या हातानं ठोकलं, मग जड हातानं ठोकलं, आणि हातोडी सटकून बोटांची सालटं निघाली. रक्त थंडीत लगेच घट्ट झालं. त्यानं दोन्ही पाइपांवर बोट फिरवून बघितलं तेव्हा कुठं उजेड पडला. वरचा पाइप कणभर जाड होता. एक सूत.

बायको बाजूला येऊन उभी राहिली. तिनं एकदा जोडाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"एकाच तुकड्याचं माप दाखवलंत आणि दोन आणलेत?"

"दुसऱ्याचा भुगा झाला होता!"

"अहो, चप्पल घेतानासुद्धा माणूस दोन्ही पायांत घालून बघतो."

तो तसाच आत गेला, रक्ताळलेल्या हातानं. आबा खाटेवर बसून खिडकीतून सगळं बघत होते.

"दोन्ही वेगळ्या मापाचे आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"मंगळवारी सांगितलं."

"मोठ्यानं सांगायचं मग!"

"मोठ्यानं बोललं की खोकला येतो," आबा म्हणाले, आणि त्यांना खोकला आलाच. तो थांबायला बराच वेळ लागला. धाकटा पाण्याचा पेला धरून उभा राहिला. चिडलेल्या माणसाला पेला धरून उभं राहणं फार जड जातं.

"तुमच्या त्या पेटीत आहे का काही?" त्यानं शेवटी विचारलं. खाटेखाली आबांची हत्यारांची लोखंडी पेटी होती, किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याला. "एखादा जोड, एखादा तुकडा?"

आबांनी खिडकीबाहेर बघितलं. "पेटीत काही नाही."

शुक्रवारी पुन्हा बाजारगाव, पुन्हा ओली टोपी. चष्मेवाल्या बाईनं मान हलवली. सहा सुती एकच होता, तो गेल्या महिन्यात गेला. मागवला तर मंगळवारी येईल. मंगळवारी घाटावर फाटक आणि फाटकावर पुरुषभर बर्फ असणार. "भंगारवाल्याकडे बघा," ती म्हणाली. "तुमच्यासारखी एक गाडी तिथं पडली आहे."

भंगारवाला लोखंडी पिंपात लाकडं पेटवून शेकत बसला होता. जागचा न हलता त्यानं बोट दाखवलं. धुडाची सख्खी बहीण तिथं चाकांशिवाय बसली होती, टपावर बर्फ, बॉनेट तारेनं बांधलेलं. धाकट्यानं तार सोडली, आत वाकला. होता! वरचा जोड होता, अख्खा. त्यानं श्वास रोखला. हातमोजे काढले. तोंडानं ऊब देऊन देऊन प्लास्टिक नरम केलं, क्लिप नखानं उचलली, नळी केसाकेसानं मागे ओढली. पाव तास गेला. जोड सुटला. तळहातावर घेऊन तो सरळ झाला, पिंपापाशी उजेडात आला आणि अंगठ्यानं नुसती त्यावरची माती पुसली.

कट्‌.

"मोडला होय," भंगारवाला म्हणाला. "त्यांचं तसंच असतं. बावीस मोडताना बघितलेत मी."

"मग आधी सांगायचं!"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

धाकटा तिथंच बर्फावर बसला. त्याला रडू आलं नाही, पण आलं असतं तर बरं झालं असतं. भंगारवाल्यानं त्याला अर्धा कप चहा दिला आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा दिला. म्हणाला, बघा काही जमलं तर.

शनिवारी सकाळपासून ते जमवणं चाललं होतं. वरचा पाइप आणि नळी समोरासमोर आणायची, त्यावर ट्यूबचं रबर गुंडाळायचं, वर तार आवळायची. पहिल्यांदा इंजिन गरम झालं आणि रबर फुगून सुटलं. दुसऱ्यांदा तार करकचून आवळली तर वाफेचा झोत मनगटावर आला. बायकोनं मनगटावर बर्फ धरला. घड्याळात दीड वाजला. आबांचं गाठोडं सकाळपासून दारात बांधून ठेवलं होतं. फाटकापर्यंत तासाचा रस्ता.

"तिसऱ्यांदा बांधतो," धाकटा म्हणाला. "दोन पदर जास्त घालतो."

"आणि घाटात सुटलं तर?"

"तर काय! तर दोघं गोठून मरू! मला विचारू नकोस! पाच दिवस झाले, टीचभर तुकड्यासाठी मी जगाच्या पाया पडतोय, जो तो मला शहाणपण शिकवतोय!" त्यानं पक्कड फेकली. ती गोठ्याच्या दारावर जाऊन आपटली. मग तोच गेला, तोच उचलून घेऊन आला, आणि पुन्हा रबर गुंडाळायला लागला.

दार वाजलं. आबा बाहेर आले होते. काठी टेकत ते गाडीपाशी आले, वाकले आणि त्या रबराच्या, तारेच्या, चिखलाच्या बोळ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू घरात कुणी घाण करून ठेवलीय.

"हे काय आहे?"

"जोड."

"हा जोड?" त्यांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं या गावात मी नळ बसवले. एक थेंब गळला नाही. असलं काम माझ्या दारात नको. काढ ते."

"आबा, वेळ नाही..."

"काढ म्हणतो!"

आणि खोकत खोकत त्यांनी खाकी कोटाच्या खिशात हात घातला, रुमाल काढला, रुमाल उलगडला. आत बोटभर पितळी तुकडा होता. एका अंगाला नळी धरून ठेवायला कानशीनं पाडलेल्या तीन गोल खाचा, दुसऱ्या अंगाला पाइपावर बसेल असं कोरलेलं तोंड, आत रबराची चकती. नव्या दागिन्यासारखा चमकत होता.

धाकट्यानं तो घेतला. वरच्या पाइपावर टेकवला. दाबला. गेला. नळी चढवली, पट्टी आवळली. हलवून बघितलं. तसूभर हलेना. दहा मिनिटांत इंजिन गरम झालं, आणि जोड कोरडा ठणठणीत.

बायकोनं तेवढ्यात आत डोकावून भिंतीकडे बघितलं होतं. आबांच्या खाटेच्या वर खिळ्याला गावच्या पहिल्या नळाची पितळी तोटी टांगलेली असायची. आबांनी स्वतः बसवलेला नळ. तो काढला तेव्हा गावानं ती तोटी त्यांनाच दिली होती. बुधवारी खिळा रिकामा दिसला तेव्हा तिला वाटलं, गाठोड्यात बांधली असेल.

"कधी केलंत हे?" धाकट्यानं विचारलं. खाचा दहा मिनिटांत पाडलेल्या नव्हत्या हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"बुधवारी. तू खाली गेलास तेव्हा."

"बुधवारी! अहो, मी पेटीत आहे का विचारलं तर नाही म्हणालात!"

"पेटीत नव्हताच. खिशात होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! धाकट्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. सोललेली बोटं, भाजलेलं मनगट, भंगारवाल्याच्या अंगणातली ती बैठक, सगळं एकदम तोंडाशी आलं. "का?" तो किंचाळलाच. "का नाही दिलात?"

आबा रुमालाची घडी घालत होते. घडी नीट बसेना, म्हणून त्यांनी ती मोडून पुन्हा घातली.

"करायला घेतला तो राहवेना म्हणून. तू दोन्ही सारखेच आणणार हे मला ठाऊक होतं." त्यांनी रुमाल खिशात घातला. "द्यायचं मन होईना. दिला असता तर गुरुवारीच नेलं असतंस."

बायकोनं गाठोडं उचलून मागच्या आसनावर ठेवलं, आबांच्या मफलरचं टोक नीट खोचलं, आणि शेळ्यांना चारा घालायचा आहे असं म्हणून गोठ्यात निघून गेली. शेळ्यांना चारा तिनं सकाळीच घातला होता.

पावणेतीनला धूड निघालं. हीटर सुरू झाला. आबांच्या पायांवर गरम हवा आली, मग छातीवर. त्यांनी कोटाचं एक बटण सोडलं. धाकटा समोर बघून गाडी चालवत होता. राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि आता तो कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं.

पहिल्या वळणावर आबा म्हणाले, "थांब. जोड बघ."

"कोरडा आहे आबा."

"पितळ आणि रबर. गरम झालं की बसतं ते. बघ."

तो उतरला, बॉनेट उघडलं, बघितलं. कोरडा. पुढच्या वळणावर पुन्हा, "थांब. जोड बघ." पुन्हा उतरला. कोरडा. सव्वातीन वाजले होते. "आबा, फाटक बंद होईल," तो दातओठ खात म्हणाला, आणि तिसऱ्या वळणावर आबांनी पुन्हा तेच म्हटलं तेव्हा त्यानं ब्रेक असा दाबला की गाठोडं खाली पडलं.

बॉनेट उघडून तो आत वाकला. जोड सुका होता, हाताला छान गरम लागत होता. बॉनेट आपटून तो परत फिरला, आणि शिवी ओठावर असतानाच त्याला काचेतून आबा दिसले. आबा इंजिनाकडे बघतच नव्हते. मान बाजूच्या खिडकीकडे वळवून, काच तळहातानं पुसून, ते मागे वर बघत होते. वर घर दिसत होतं. निळा पत्रा, धुराडं, गोठ्यासमोर ठिपक्याएवढी सून. रस्ता वळला की दिसेनासं व्हायचं आणि पुढच्या वळणावर पुन्हा दिसायचं.

तो गाडीत बसला. साडेतीन होत आले होते.

घर दिसणारं शेवटचं वळण त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याच्यापुढं सरळ रस्ता आणि फाटक. आबा या वेळी गप्प होते. मुलाला किती वेळा थांबवायचं याची त्यांनाही लाज वाटली असेल. वळण आलं. धाकट्यानं गाडी हळू केली, कडेला घेतली, पुढे-मागे करून अशी लावली की आबांची खिडकी बरोबर वरच्या बाजूला यावी. इंजिन चालू ठेवलं, हीटर चालू ठेवला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"काही नाही. सहा सुतीवर माझा अजून विश्वास नाही. जरा नीट बघून येतो."

"बघ. घाई करू नकोस."

तो उतरला. बॉनेट उघडून आडोशाला उभा राहिला, सोललेली बोटं गरम इंजिनावर शेकत. जोडाकडे त्यानं बघितलंही नाही.